लॅपटॉप धड सुरू होईना. दुकानदार म्हणतो विंडोज मारू, पण सगळा हिशेब आतच आहे

टॉवेलवाला_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसातला लॅपटॉप कालपासून धड सुरू होत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह येतं आणि खाली पांढऱ्या ठिपक्यांचं चक्र फिरत बसतं. बऱ्याच वेळाने 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं, मग निळा पडदा आणि 'पीसी दुरुस्त करता आला नाही' असा निरोप. रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मधे एकदा सुरू झाला, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडलं, आणि गपकन बंद पडला.

विंडोज १०, जुनी फिरती हार्डडिस्क १ टीबीची, रॅम ४ जीबी. बॅटरी कधीच मेली आहे, चार्जर लावूनच चालतो.

एका दुकानात दाखवला. त्याने उघडूनही न बघता सांगितलं, "विंडोज मारावी लागेल, म्हणजे पुसून नव्याने टाकावी लागेल, सी ड्राइव्ह उडेल, संध्याकाळी घेऊन जा." टॅली सी मध्येच, डेस्कटॉपवर पार्ट्यांची बिलं, सूतवाल्यांचे हिशेब. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) जायला पाहिजे. बॅकअपच्या पेनड्राइव्हवर दिवाळीच्या आधीचं आहे सगळं. म्हणून लॅपटॉप परत घेऊन आलो. पुढं काय करू?

कडक_भाकरी

परत आणला ते लई बेस केलं अण्णा. आपल्याकडं ताप आला तरी विंडोज मारतेत, हात मोडला तरी विंडोज मारतेत.

होटगी_नाका

आधी साधं बघा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस, डोंगल, जे काही खोचलंय ते सगळं काढा आणि मग सुरू करा. पेनड्राइव्ह राहिला की काही लॅपटॉप त्याच्यावरच विंडोज शोधत बसतात. तुमचं तेच असेल असं नाही, पण फुकटचा उपाय आहे.

पुणे_व्हाया_हुतात्मा

भाऊ, पहिली गोष्ट: आता तो पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. का ते सांगते.

चिन्ह येतंय म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पडदा बहुतेक शाबूत आहेत. ठिपके फिरायला लागले म्हणजे विंडोज डिस्कवरून वर यायला निघाली. तिथेच अडकतंय, तेव्हा दोनच संशयित उरतात: विंडोजच्या फाइली बिघडल्यात, किंवा त्या ज्या डिस्कवर आहेत ती डिस्क बिघडतेय. फाइली बिघडल्या असतील तर दुरुस्ती घरी होते. डिस्क जात असेल तर मात्र प्रत्येक सुरुवातीला ती आणखी थोडी जाते, कारण ऑटोमॅटिक रिपेअर स्वतःच डिस्क तपासायला आणि तिच्यावर लिहायला बसतं.

दोन्हींतला फरक कळायला विंडोज लागत नाही. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तपासणी आतच दिलेली असते. एचपी असेल तर बटण दाबताच एस्केप टकटक दाबत राहा, मग एफ२. डेल असेल तर एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स. बाकीच्यांत तशी तपासणी नसली तरी बहुधा एफ२ ने बायोस (विंडोजच्या आधीची यंत्राची सेटिंग) उघडतं. तिथे निदान डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. नावच नसेल तर विंडोजचा प्रश्नच मिटला. लांबलचक तपासणी लावू नका, छोटी लावा.

आणि कान देऊन ऐका. डिस्कमधून ठराविक अंतराने टक्‌ टक्‌ येत असेल तर लगेच बंद करा आणि इथे सांगा. मग पुढचं काहीच घरी करायचं नाही.

जुनी_गिरणी

मी विजेच्या बाजूचा माणूस. पोराबाळांनी डिस्क-विंडोज बघावं, मला 'गपकन बंद पडला' हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. विंडोज बिघडली की निळा पडदा येतो, रीस्टार्ट होतं, लटकतं. दिवाच घालवल्यासारखं बंद होण्याला कारणं दोन: ताप किंवा वीज. आणि टॉवेलच्या कारखान्यात दोन्ही आहेत.

ताप म्हणजे असा. तुमच्याकडे हवेत तंतू उडतो. टेरी टॉवेलचा तर जास्तच. लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो आणि तांब्याच्या नळीपुढच्या बारीक जाळीवर फेकतो. तंतू त्या जाळीवर आतून बसतो, वाकळेसारखा थर होतो. बाहेरून भोकं स्वच्छ दिसतात, आतून वाट बंद. वर आपल्याकडचं उन्हाळ्यातलं चाळिसाच्या पुढचं तापमान आणि पत्र्याचं छप्पर. प्रोसेसर आधी स्वतःला हळू करतो, तरी भागलं नाही की जळू नये म्हणून स्वतःला तोडतो. सकाळी गार असताना चालू होतो आणि थोड्या वेळाने जातो, असं होतंय का?

वीज म्हणजे अशी. एकाच लाइनवर माग आणि ऑफिस असेल तर मोटर उचलताना व्होल्टेज पडतं. ट्यूब मिचकावते ना, तेच. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपला त्याचा पत्ता लागत नाही. तुमची बॅटरी मेलेली, म्हणजे प्रत्येक मिचकावणी थेट डिस्कपर्यंत. फिरत्या डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की लिहिलेलं अर्धवट राहतं. असं वर्षभर झालं तर विंडोज बिचारी काय करणार?

तेव्हा उद्या नवी विंडोज टाकलीत तरी त्याच टेबलावर, त्याच सॉकेटला ती पावसाळ्यापर्यंत टिकेल असं वाटत नाही.

टॉवेलवाला_पूर्वभाग

काका, तुम्ही आमच्या ऑफिसात येऊन गेलात की काय! ट्यूब मिचकावते. आणि सकाळी थोडा वेळ बरा चालायचा हेही खरं, आम्हाला वाटायचं जुना झालाय म्हणून.

टक्‌ टक्‌ येत नाही. बारीक कुरकुर येते, ती आधीपासून आहे. तपासणी उद्या करतो. आमच्याकडे माग झाडायला कॉम्प्रेसर आहे, त्याने लॅपटॉप फुंकून काढू का?

जुनी_गिरणी

अजिबात नको. त्या हवेत पाणी असतं, कधी तेलही असतं आणि दाब मागासाठीचा असतो. पंख्याची पाती तुटतील. हवा मारायचीच तर हातातला छोटा ब्लोअर, आणि त्या वेळी पंखा काडीने धरून ठेवायचा, भिरभिर फिरू द्यायचा नाही. तसंही बाहेरून फुंकून थर आणखी आत जातो. मागची पट्टी उघडून तो थर चिमट्याने सोलून काढावा लागतो. पण ते नंतर. आधी ताई सांगते ते करा.

नवा_पुराना

डिस्क जात असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी चालते. माझ्या मित्राने केलंय.

पुणे_व्हाया_हुतात्मा

कृपया नको. फार जुन्या डिस्कवर कधीतरी काही मिनिटं चाललेला उतारा आहे हा. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आत बाहेर दोन्हीकडे. वाचक टोक आणि चकती यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी फट असते. तिथे ओलावा म्हणजे उरलेला डेटाही गेला.

शेंगाचटणी

धागा पळवतेय, माफ करा. माझं नेमकं उलटं आहे. मी इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉप वर्षभराचाच. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच. चिन्हसुद्धा येत नाही. सबमिशन जवळ आलंय.

होटगी_नाका

चिन्हच नाही म्हणजे प्रकरण विंडोजच्या अलीकडचं आहे. विंडोज मारून काडीचा फरक पडणार नाही, तेवढं लक्षात ठेव.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धर. अंधुक का होईना चित्र दिसलं तर मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोड. टीव्हीवर आलं तर लॅपटॉप ठीक, पडदा किंवा त्याची केबल खराब. तिथेही नाही आलं तर चार्जर काढ आणि बटण अर्धा मिनिट दाबून धर. सर्किटमध्ये अडकलेला चार्ज निघून जातो. मग चार्जर लावून सुरू कर. एवढ्यावर बरेच काळे पडदे उजळतात. तरीही नाही तर रॅमची पट्टी काढून, सोनेरी टोकं कोरड्या कापडाने पुसून परत बसवायची. पण तुझा वॉरंटीत असेल. मग मागची पट्टी स्वतः उघडू नकोस, सेवा केंद्रात जा.

शेंगाचटणी

अर्धा मिनिट दाबल्यावर चिन्ह आलं!! पण आता तारीख-वेळ चुकीची दाखवतोय, आणि निळ्या पडद्यावर 'बिटलॉकर रिकव्हरी की टाका' म्हणतोय. मी असं काही लावलंच नव्हतं.

पुणे_व्हाया_हुतात्मा

तू लावलं नाहीस, विंडोज ११ ने लावलं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोसमधलं काही बदललं की ते कुलूप शंका घेतं आणि ४८ अंकी किल्ली मागतं. घाबरू नकोस, फॉर्मॅट तर अजिबात करू नकोस. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसेसखाली तुझा लॅपटॉप दिसेल, त्यात बिटलॉकर कीज असतात. पडद्यावर किल्लीच्या ओळखक्रमांकाची सुरुवातीची अक्षरं दिसतात, ती जुळवून योग्य किल्ली निवड.

शेंगाचटणी

माझ्या खात्यात एकही लॅपटॉप दिसत नाही.

कडक_भाकरी

घेतला तवा दुकानातल्या पोरानं सुरू करून दिला का? कुणाचा ईमेल टाकला त्यानं?

शेंगाचटणी

अय्यो. पप्पांचा टाकला होता बहुतेक. विचारते.

...मिळाली! पप्पांच्या खात्यात होती. सुरू झाला.

पुणे_व्हाया_हुतात्मा

छान. किल्ली आत्ताच वहीत लिहून ठेव, लॅपटॉपमध्ये नको. कडक_भाकरींनी नेमकं जागेवर बोट ठेवलं. दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकून सुरू करून दिलेले लॅपटॉप आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि मालकाला ते असा निळा पडदा येईपर्यंत माहीत नसतं. किल्ली हरवली तर तो डेटा खुद्द मायक्रोसॉफ्टही उघडू शकत नाही.

टॉवेलवाला_पूर्वभाग

तपासणी केली. मेमरी पास. हार्डडिस्क शॉर्ट डीएसटी (डिस्कची छोटी तपासणी): फेल्ड. खाली एक लांबलचक नंबर आला, त्याचा फोटो काढलाय.

पुणे_व्हाया_हुतात्मा

तो नंबर वॉरंटीसाठी असतो, तुमची तर संपलीच असेल. निकाल लागला, डिस्क चाललीय. दुकानदाराने याच डिस्कवर विंडोज मारली असती तर डेटाही गेला असता आणि काही दिवसांनी तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहिला असता.

आता फक्त डेटा काढायचा. दुरुस्ती नाही. चेकडिस्क चालवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खराब जागा शोधायला ती आख्खी डिस्क घासून काढते आणि फाइलींचे तुकडे हलवते. निरोगी डिस्कला ते औषध आहे, मरणाऱ्या डिस्कला नाही.

काढायचे तीन रस्ते.

सगळ्यात सोपा विंडोजच्या त्या निळ्या पडद्यातूनच आहे. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. पासवर्ड विचारेल. काळी खिडकी आली की इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर. हो, साधं नोटपॅड. त्यात फाइल, ओपन. खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'ऐवजी 'ऑल फाइल्स' निवडा. ती ओपनची खिडकीच तुमचा फाइल एक्सप्लोरर. तिथे फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, बाहेरच्या ड्राइव्हवर पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतील, तुमचं सी तिथे डी म्हणून दिसू शकतं, गोंधळू नका. कॉपी किती झाली ते दिसत नाही. लटकल्यासारखं वाटेल, पण दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका.

दुसरा, लिनक्सचा (विंडोजला फुकटचा पर्याय) पेनड्राइव्ह. दुसऱ्या संगणकावर मिंट किंवा उबुंटू उतरवून रुफस नावाच्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालायचं आणि त्यावरून सुरू करायचं, 'इन्स्टॉल' न दाबता. विंडोज ८ पासून शटडाउन हे पुरतं शटडाउन नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धी झोप असते. म्हणून लिनक्स ती डिस्क कधी फक्त वाचायला उघडतं. आपल्याला तेवढंच हवंय.

तिसरा, डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावणं. तिथे 'स्कॅन अँड फिक्स' असा निरोप आला तर नको म्हणा.

क्रम महत्त्वाचा. आधी टॅलीचा डेटा, मग डेस्कटॉप, मग बाकी. फोटो-व्हिडिओ सगळ्यात शेवटी. डिस्क मधेच गेली तरी जे आधी काढलं ते तुमचं.

होटगी_नाका

टॅली प्राइम असेल तर डेटा बहुतेक सी, यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथे असतो. आत नुसत्या आकड्यांच्या नावाचं फोल्डर म्हणजे एक कंपनी. कुणी जागा बदलली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या अकाउंटंटला विचारा, त्याला पाठ असेल. आणि भरलेली जुनी रिटर्न्स जीएसटीच्या पोर्टलवर आहेतच, त्यांचा घोर लावून घेऊ नका.

टॉवेलवाला_पूर्वभाग

नोटपॅडवाली युक्ती चालली. माझा विश्वासच बसत नव्हता. लॅपटॉप घरी आणला, इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावला, खालून टेबलफॅन सोडला, तेव्हा कुठे मधे बंद न पडता चालला. टॅलीचं फोल्डर निघालं. अकाउंटंटच्या संगणकावर उघडून बघितलं, गेल्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी आहेत. डेस्कटॉपही निघाला. पण 'यार्न २०२३' नावाच्या फोल्डरवर येऊन अडकतंय, पुढे सरकतच नाही.

पुणे_व्हाया_हुतात्मा

तिथे खराब जागा आहे. ते फोल्डर सोडून बाकीचं आधी काढा. मग त्याच काळ्या खिडकीत रोबोकॉपी वापरा, पण एक गोष्ट सांभाळून. ही कमांड न वाचलेल्या फाइलवर मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. तुमची नातवंडं निवृत्त होतील. म्हणून शेवटी आर एक, डब्ल्यू एक असे दोन्ही पर्याय स्लॅश आणि कोलन देऊन जोडा. म्हणजे एकदा पुन्हा बघेल, नाहीतर सोडून पुढे जाईल. नेमकी ओळ व्यनि (खासगी निरोप) करते, इथे टंकायला अवघड आहे.

टॉवेलवाला_पूर्वभाग

चार-दोन पीडीएफ सोडून सगळं आलं. ती बिलं सूतवाल्याकडून परत मागवता येतील. ताई, तुमचे आभार कसे मानू? पुण्याहून आलात की चादर ठरलेली.

आता डिस्क बदलायची. दुकानदार म्हणतो एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) टाकू, 'ओरिजिनल विंडोज'चे वेगळे पैसे.

होटगी_नाका

लॅपटॉप घेताना विंडोज सोबत आली होती का? तसं असेल तर तिचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला आहे. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यावर इंटरनेट लागताच आपोआप चालू होते. वेगळे पैसे टाकायच्या मजुरीचे द्या, परवान्याचे नाही.

एसएसडी अडीच इंची, साटा जोडणीची घ्या, जुन्या डिस्कच्या जागी तीच बसते. २५६ जीबी तुमच्या कामाला पुरून उरते. आणि जुनी डिस्क परत मागून घ्या, दुकानात सोडू नका. तिच्यावर तुमच्या बँकेची स्टेटमेंटं आहेत.

पुणे_व्हाया_हुतात्मा

एक भर. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर याच वेळी ११ घाला, फक्त रॅम ८ करून घ्या. त्याहून जुना असेल तर आडवाटांनी ११ बसवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

एसएसडीबद्दल एवढंच की ती कुरकुरत नाही. फिरती डिस्क जाताना आवाज करते, हळू होते, तुमच्यासारखा वेळ देते. एसएसडी बऱ्याचदा आज आहे, उद्या नाही. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेर गेलाच पाहिजे.

जुनी_गिरणी

आणि पट्टी उघडलीच आहे तर तंतू काढून घ्या, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावा. समोर उभं राहून. बॅटरी नवी टाका, नसेल मिळत तर छोटा यूपीएस. ऑफिसची लाइन मागांपासून वेगळी करायला वायरमनला सांगा, आणि अर्थिंग तपासा. लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवताना झिणझिण्या येतात का?

टॉवेलवाला_पूर्वभाग

येतात काका.

जुनी_गिरणी

मग वायरमन आधी, एसएसडी नंतर.

टॉवेलवाला_पूर्वभाग

अर्थिंगची वायर सॉकेटच्या मागे जोडलेलीच नव्हती. आता जोडली. एसएसडी बसवली, पंख्यातून निघालेला तंतू दुकानातल्या पोराने फोटो काढून ठेवला, एवढा होता. जाळीच्या आकाराचा नमुनाच तयार झालेला. चहा ओतेपर्यंत विंडोज सुरू होते आता. जीएसटीआर-१ भरून झालं.

एकच अडचण: टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडतंय.

होटगी_नाका

जुन्या डिस्कवरचा परवाना सरेंडर न करता डिस्क बदलली, म्हणून. टॅलीत लायसन्स रीसेट करायची सोय आहे, ज्या ईमेलवर परवाना घेतला त्याने लॉगिन करा. तो ईमेल कुणाचा आहे?

टॉवेलवाला_पूर्वभाग

जुन्या अकाउंटंटचा. तो आता हैदराबादला असतो.

कडक_भाकरी

लावा फोन.